उसनी धाव

दुखायचं थांबलं आणि समीक्षा मगदूम घाबरली. माणसं एरवी दुखायला लागल्यावर घाबरतात. पण डाव्या नडगीनं तिला दोन वर्षं असं काही छळलं होतं, की ते दुखणं एकाएकी निमूट निघून जाईल यावर तिचा विश्वासच बसेना. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे मात्र गाडीत बसून गेलं होतं.

आणि जाताना पत्ता बदलून गेलं होतं. नडगी गप्प झाली, पण उजव्या जांघेत, अगदी खोल, हाडापाशी काहीतरी ठुसठुसायला लागलं. बोट ठेवून दाखवावं म्हटलं तर जागा सापडेना. पोलीस भरतीचं मैदान तोंडावर आलेलं. या खेपेनंतर वयाची अट तिला कायमची बाहेर काढणार होती. त्यामुळे जांघेचं तिनं कुणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही.

तासगावात भरतीची तयारी करणाऱ्या मुली काय कमी आहेत? पहाटे रस्त्यावर गाड्यांपेक्षा त्याच जास्त. समीक्षा दिवसभर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पावत्या करायची आणि सकाळ-संध्याकाळ पळायची. नडगी धरली तशी तिनं सगळे उपाय केले. भरती अकॅडमीच्या सरांनी हळद-मिठाचा लेप सांगितला. सांगलीच्या एका दवाखान्यात नडगी दुखत असताना कमरेला शेक दिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यंत्र लावणारा पोरगा तिला पलंगावर टाकून बाहेर फोनवर बोलत बसला, आणि तू पळतेस कशी, हे त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही. शेवटी सगळ्या मुली जातात तिथं ती गेली. सुगती केंद्रात.

सुगती केंद्रात गतिवस्त्र मिळायचं. नाव भारदस्त असलं तरी मुली त्याला लेगिंगच म्हणायच्या, आणि दिसायलाही ती लेगिंगच होती. तिच्या धाग्यांत केसाहून बारीक तारा विणलेल्या असत. स्नायू आखडायच्या आधी मेंदूकडून त्याला विजेचा हलका इशारा येतो. तो इशारा या तारा ओळखायच्या. पाऊल चुकीचं पडणार असं दिसलं, की पाय जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी त्या नेमक्या स्नायूला बारीकसा चिमटा काढायच्या. पाऊल किंचित वळायचं, भार दुखऱ्या जागेवरून सरकायचा. महिनाभर असं झालं, की मेंदू ते पाऊल पाठ करून टाकायचा. मग लेगिंग काढली तरी पाय तसेच पडायचे. मैदानाच्या फाटकावर तपासणी व्हायची आणि गतिवस्त्राला आत बंदी होती, पण पाठ झालेलं पाऊल कोण काढून घेणार?

बरोबर पाऊल कुठलं, हे यंत्राला कळायचं कसं? तर तुमच्याच जुन्या नोंदींवरून. आताशा ज्याच्या-त्याच्या मनगटावर घड्याळ असतं आणि ते तुमचं पाऊल न् पाऊल टिपून ठेवतं. यंत्र ती वर्षानुवर्षांची नोंद चाळायचं, तुम्ही निरोगी होता ते दिवस निवडायचं आणि त्या दिवसांची चाल तुम्हाला परत शिकवायचं. तुमचीच चाल तुम्हाला परत मिळणार, यात वाईट काय होणार? दोन-चार वर्षांत गावोगावचे फिजिओथेरपिस्ट लेगिंगची मापं घेणारे होऊन बसले. बघणं, दाबणं, विचारणं संपलं.

समीक्षाची वेळ झपाट्यानं सुधारली. आठशे मीटरच्या पूर्ण गुणांची वेळ ती सरावात सहज गाठायला लागली. अकॅडमीचे सर तिचं उदाहरण देऊ लागले. आणि एका सकाळी जिना उतरताना जांघेत अशी कळ आली, की कठडा धरून ती तशीच उभी राहिली.

त्या दिवशी पावत्या बाजूला सारून तिनं फोनवर शोधाशोध केली. सगळ्या केंद्रांना पाच-पाच चांदण्या आणि सगळीकडे तेच, 'पंधरा दिवसांत पळायला लागलो.' मिरजेच्या एका बाईंना मात्र लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. 'अर्धा तास नुसतं बघत बसल्या.' 'यंत्र लावलंच नाही, बोळात पळायला लावलं.' 'शर्यत आठ दिवसांवर आली असताना पळू नको म्हणाल्या, वेळ फुकट गेला.' समीक्षानं त्या तक्रारी दोनदा वाचल्या. लोक जिला खरं बोलते म्हणून शिव्या देतात, ती बाई बघायलाच पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं.

डॉ. नसीम मुजावर पन्नाशीच्या पुढच्या होत्या. दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. समोर लांबलचक बोळ.

"डॉक्टर, मला जांघेत..."

"कुठं दुखतंय ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी काय दुखायचं थांबलं, ते सांग."

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. समीक्षानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिला बोळात एकदा पळून यायला लावलं आणि ते फोनमध्ये टिपलं. मग पायांची मापं घेतली, मांडी आत-बाहेर वळवून पाहिली, आणि उजव्या पायावर एक हलकी उडी मारायला सांगितली. उडी मारताना समीक्षाचा चेहरा जो झाला, तो पाहून त्यांनी लगेच हात वर केला.

"बस. आता पळायचं नाही. जिनासुद्धा सावकाश चढायचा. आणि एमआरआय आजच करायचा, उद्यावर टाकायचा नाही."

"डॉक्टर, मैदान दोन आठवड्यांवर आलंय."

"ऐकलं मी." त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. "तुझ्या पायांच्या मानानं हे पाऊल लांब आहे. कंबर वेगळी वळते, टाच टेकतच नाही. एखाद्या उंच मुलीला हे शोभलं असतं. हे कुणाचं शिकलीस तू?"

समीक्षानं पडद्याकडे पाहिलं. चेहरा तिचा होता. कमरेखाली मात्र तृप्ती पळत होती. तिची थोरली बहीण. आंतरजिल्हा शर्यतीचा तृप्तीचा व्हिडिओ वडील आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे, समीक्षानं तो शंभरदा पाहिला होता. लांब ढांग, हवेत क्षणभर जास्त रेंगाळणारा पाय, डावीकडे किंचित झुकणारी कंबर. स्वतःला पळताना मात्र तिनं इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

मग एकेक उलगडत गेलं. वडिलांनी दोघींना मिळून एकच घड्याळ आणलं होतं. घरात दोन पोरींना दोन घड्याळं कोण आणतं? एक दिवस हिच्या हातात, एक दिवस तिच्या. खातं समीक्षाच्या नावावर उघडलेलं, कारण तृप्तीचा फोन जुना होता. एका वहीत दोघींनी गृहपाठ करावा तसा तो कारभार चार वर्षं चालला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एकाच नोंदीत दोघींची पावलं मिसळली आहेत हे यंत्राला कुणी सांगायचं?

"यंत्राची चूक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला वाटलं, एकच मुलगी आहे. कधी छान पळते, कधी बेताचं. त्यानं छान पळल्याचे दिवस निवडले."

"म्हणजे बेताचे ते माझे," समीक्षा म्हणाली, आणि तिला रडूच आलं. जांघेपेक्षा ते जास्त लागलं होतं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. संध्याकाळच्या आत तपासणी झाली. मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा निमुळता भाग असतो, त्याला हाडाची मान म्हणतात. तिथं सूज होती. चीर मात्र अजून पडलेली नव्हती.

"हाड म्हणजे दगड नव्हे," डॉक्टरांनी समजावलं. "ते रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून येतं. नवा भार पडला की आधी झिजतं, मग भरतं. तुझ्या नडगीवरचा भार यंत्रानं काढला, पण तो हवेत जात नाही, तो इथं आला. आणि इथलं हाड भरायच्या आत तू रोज त्याला झिजवलंस. ही मान मोडली तर आधी शस्त्रक्रिया, आणि पुढं पळणं सोड, नीट चालता येईल का तेही मी सांगू शकणार नाही. माझा सल्ला एकच, मैदानावर जाऊ नकोस."

"ही शेवटची संधी आहे."

"माहीत आहे."

"माझ्या स्वतःच्या पावलानं पळाले तर?"

डॉक्टरांनी तपासणीचा फोटो परत उजेडाला धरला. "तर कदाचित हाड एकदा निभावून नेईल. कदाचित. तोवर पूर्ण विश्रांती. आणि मैदानात जांघेत कळ आली तर त्या क्षणी थांबायचं, दोन पावलं उरली असली तरी. पण तुझं पाऊल आहे कुठं? मेंदूनं हे नवं पाठ केलंय. नोंद मिसळलेली. तुला रोज पळताना पाहिलंय असं कुणी आहे का?"

होतं. एकच माणूस होतं. कालव्याच्या रस्त्यानं पळायला जाताना आईचा दंडक असायचा, धाकटीला पुढं ठेव. थोरलीनं मागं राहायचं, म्हणजे धाकटी नजरेखाली राहते. तृप्ती चार वर्षं समीक्षाची पाठ आणि पाय बघत पळाली होती.

तृप्तीला सावळजला दिली होती. फोन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती लेकीला सासूकडे ठेवून मिरजेला आली. आल्या-आल्या समीक्षाच्या पाठीत धपाटा घातला, सांगितलं नाहीस म्हणून. मग डॉक्टरांनी तिला तो बोळातला व्हिडिओ दाखवला.

तिनं तो एकदा पाहिला, परत पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना ती खाली बसली.

"ही मी आहे," ती म्हणाली.

बहिणी बोळाच्या तोंडाशी चहा प्यायला गेल्या. तृप्तीचा चहा तसाच राहिला. एके वर्षी तिनंही भरतीचा अर्ज भरला होता, पण तिच्या मैदानाची तारीख आणि तिच्या हळदीची तारीख एकच आली होती. वडिलांच्या छातीत दुखून गेलेलं, घर घाईला आलेलं, आणि हळद पुढं ढकलायची म्हणजे पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहत नाही, असं घरानं ठरवलं. त्यानंतर ती पळाली नव्हती. त्याबद्दल ती एका शब्दानं बोललीही नव्हती. आज बोलली.

"समे, तशीच पळ."

"काय?"

"माझ्यागत पळ. पूर्ण मार्क पडत्यात, तूच सांगितलंस. आठशे मीटर तर हाय. एकदाच. हाड काय, मोडलं तर जुळतंय."

"तायडे, माझं हाड आहे गं ते."

"आणि पळणं माझं हाय," तृप्ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला असावा, कारण पुढचं ती खालच्या आवाजात बोलली. "मला वाटलं, गेलं ते. लेक झाल्यावर आरशात बघून म्हणायची, ह्या पायांनी कधी पळाले होते व्हय. आणि तिथं बघितलं, तर सगळं जसंच्या तसं. एकदा मैदानात उतरू दे की त्याला. मी बाहेर उभी राहून बघते."

समीक्षाला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाखाली तिला तृप्तीचा मत्सर वाटत होता आणि कीवही येत होती, तिन्ही एकदम. तिला हेही ठाऊक होतं, की त्या लांब ढांगेनं पळताना तिला जे सुख व्हायचं, तसं तिच्या स्वतःच्या पळण्यानं कधी झालं नव्हतं. बहिणीचं म्हणणं टाळणं म्हणूनच अवघड होतं. ते तिला स्वतःलाही हवं होतं.

"मी मोडले तर तुला चालंल?" तिनं विचारलं.

 तृप्तीनं चहाचे पैसे दिले आणि ती बोळात परत चालायला लागली. दवाखान्याच्या दारात ती डॉक्टरांना म्हणाली, "हिचं पाऊल बारीक असायचं. आणि घाईचं. दाखवते."

डॉक्टरांकडे मागच्या खोलीत पळायचा एक जुना पट्टा, ट्रेडमिल, होता. त्यात कमरेपर्यंत हवेचा फुगा बसायचा आणि तो माणसाचं बहुतेक वजन उचलून धरायचा, म्हणजे पाय पळायचे पण हाडावर भार जेमतेम पडायचा. पहिले काही दिवस डॉक्टरांनी त्यालाही हात लावू दिला नाही. ठुसठुस थांबली, तेव्हा समीक्षा त्यावर चढली, आणि मागं स्टुलावर तृप्ती बसली. पुढं धाकटी, मागं थोरली, पूर्वीसारखीच.

"लांब गेलीस. बारीक कर."

"बारीकच टाकतीय."

"न्हाई. ही मीच हाय अजून. कोपरं अंगाशी घे, तू कोपरं अंगाशी घ्यायचीस. टाच आधी टेकव, थाप मारल्यागत. तुझ्या चपलांच्या टाचा झिजायच्या, माझे चवडे."

डॉक्टर खुब्यावर हात ठेवून बघायच्या आणि वेगाचा आकडा वाढवायच्या किंवा कमी करायच्या. हे काम नाजूक होतं. पाठ झालेलं विसरायचं म्हणजे नव्यानं शिकण्यापेक्षा कठीण. कधी दहा-वीस पावलं समीक्षाची पडायची आणि मग पाय आपोआप ताणले जायचे. तृप्तीला ते डोळे मिटूनही कळायचं, पट्ट्यावरच्या आवाजावरून. ती सांगायची, पण प्रत्येक वेळी सांगण्याआधी क्षणभर थांबायची. समीक्षाला तो थांबा ऐकू यायचा. एवढा क्षण ताई स्वतःला पळताना बघून घेते, हे तिला कळत होतं, आणि तो क्षण ती तिला घेऊ देत होती.

मैदानाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी परत उडी मारायला लावली. दुखलं नाही. "माझा सल्ला बदललेला नाही," त्या म्हणाल्या. "सूज कमी असेल, गेलेली नाही. थांबायचं कबूल केलंयस, ते लक्षात ठेव." बोळाच्या तोंडापर्यंत मात्र त्या सोडायला आल्या.

जिल्ह्याच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाबाहेर आयांची, बापांची, भावांची रांग लागलेली. तृप्ती शेवटच्या वळणापाशी जाऊन उभी राहिली. फाटकावर मुलींचे पाय यंत्राखालून गेले, छातीवर आकडे लागले, आणि समीक्षाची तुकडी रेषेवर आली.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत ती सहावी होती. बारीक पावलं, घाईची, टाचेवर थाप. पुढच्या मुली लांब-लांब ढांगा टाकत जात होत्या आणि आपण जागच्या जागी दळतोय असं तिला वाटत होतं. जांघ गप्प होती. तिचं अर्धं लक्ष तिथंच होतं.

दुसऱ्या फेरीत एकीला मागं टाकलं, मग आणखी एकीला. समोरच्या मोठ्या घड्याळाचे आकडे दिसले. पूर्ण गुणांची वेळ हाताशी होती, पण या पावलांनी ती निसटणार होती. थोडीशीच. एक दहा-बारा लांब ढांगा पुरल्या असत्या.

तिनं ठरवलं असंही नाही. शेवटच्या वळणावर पाय आपोआप लांबले. टाच उचलली गेली, कंबर डावीकडे झुकली, आणि ते सुख परत आलं, हवेत क्षणभर जास्त राहण्याचं. पुढची मुलगी जवळ आली. जांघेत खोल काहीतरी जागं झालं. कळ नव्हे अजून, तिच्या आधीचं काहीतरी.

कुंपणापाशी तृप्ती तारेला दोन्ही हातांनी धरून उभी होती. समोरून तिचीच धाव येत होती, मैदानावर, छातीवर आकडा लावून, जशी तिच्या हळदीच्या दिवशी येणार होती. एक पाऊल गेलं. दुसरं गेलं.

"समे, बारीक!" ती ओरडली. "ते माझं हाय, सोड ते! बारीक कर!"

समीक्षानं कोपरं अंगाशी ओढली. टाच टेकवली. एक थाप, दुसरी थाप, तिसरी. जवळ आलेली मुलगी परत लांब गेली, मागची एक पुढं निघून गेली, आणि तिनं रेषा ओलांडली तेव्हा पूर्ण गुणांची वेळ होऊन गेली होती. ती उभी होती. दोन्ही पायांवर, न लंगडता.

संध्याकाळी फाटकावर त्या दिवसाच्या तुकड्यांची यादी लागली. लेखी परीक्षेला पात्र ठरलेल्यांत तिचं नाव तळाकडे होतं. पूर्ण गुण मिळाले असते तर ते बरंच वर असतं, आणि आता लेखीत तिला जिवाचं रान करावं लागणार होतं. तृप्ती गटाराच्या कठड्यावर बसली होती. समीक्षा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"नाव आलंय," ती म्हणाली. "काठावर आहे."

"बघितलं मी."

"तू ओरडली नसतीस तर वर असतं."

"व्हय."

 मैदानात माणसं चुन्याच्या रेघा परत मारत होती, दुसऱ्या दिवशीच्या तुकड्यांसाठी.

"लई भारी पळत होते गं मी," तृप्ती म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं." आणि मग ती रडायला लागली, आवाज करून, पदर न लावता, आणि समीक्षानं तिला रडू दिलं.